पाचगावच्या मुरमावर देशी झाडं : दीड गुंठ्याच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४, रविवार

आज जागा मोजली. कोल्हापूरजवळच्या पाचगावात आमचं घर. घरामागची मोकळी बाजू आणि दक्षिणेकडची पट्टी मिळून दीड गुंठा भरतो. सहा वर्षांत इथं दोनदा लॉन घातलं आणि दोन्ही वेळा एप्रिलमध्ये करपलं. टँकरचं पाणी गवतावर ओतायचं मला आता पटत नाही. यंदा पाखरं, फुलपाखरं, भुंगे यांच्या उपयोगी पडतील अशीच झाडं लावायची आणि तीही आपल्या मुलखातली, असं घरात सगळ्यांच्या संमतीनं ठरलं. शिरोलीच्या एका फौंड्रीत मी सँड लॅबमध्ये, म्हणजे साच्याची वाळू तपासतात तिथं, काम करते. तिथं जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात, म्हणून इथंही वही घातली.

पहिलं काम म्हणजे आपोआप काय उगवलंय ते बघणं. कोपऱ्यात पुरुषभर उंचीची रुई आहे. टाकीजवळ निर्गुडी, कंपाउंडच्या भिंतीवर गुळवेल. कडीपत्ता सासूबाईंच्या हातचा. घाणेरीची दोन मोठी झुडपं आणि बाकी सगळं गाजर गवत. गाजर गवत फुलायच्या आत उपटायचं, हे नक्की. घाणेरीवर मात्र बराच वेळ बोलणं झालं. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली, तिच्याखाली दुसरं काही वाढत नाही, आणि तिची काळी फळं बुलबुल खातात, त्यामुळे ती माळभर पसरते. पण आज तिच्यावर मी चार जातींची फुलपाखरं मध पिताना मोजली. एकदम काढली तर त्यांचं ताट आपणच ओढून घेतल्यासारखं होईल. एक झुडूप आत्ता काढायचं. दुसऱ्याला फळ धरू द्यायचं नाही, आणि आपली झाडं फुलायला लागली की तेही काढायचं.

२१ एप्रिल

मातीची तपासणी. काचेच्या बरणीत तीन मुठी माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. खळखळून हलवली आणि रात्रभर ठेवली. सकाळी बघितलं तर निम्म्यावर खडे आणि जाड वाळू, त्यावर गाळाचा थर, चिकणमाती नखाएवढी. वीतभर खाली गेलं की तांबूस मुरूमच लागतो. फूटभर खोल खड्डा पाण्यानं भरला तर चाळीस मिनिटांत रिकामा. आमच्या लॅबच्या भाषेत, पर्मिअॅबिलिटी (आरपार झिरपणं) भरपूर आणि बाइंडर (कण धरून ठेवणारं) नाही.

आबा (सासरे) बघत उभे होते. त्यांची शेती नदीकाठच्या काळ्या रानात. म्हणाले, "ह्या मुरमात ऊस न्हाई यायचा, पर बोर आन् तरवड बघ कसं येतंय. त्येंला कोण पाणी घालतंय?" यादीत बोर आणि तरवड आजच लिहिले.

५ मे

पंधरा दिवस यादी वाढतच गेली होती. सीताअशोक, ताम्हण, सुरंगी, कारवी, काटेसावर, उंबर, शिवण. सगळी देशी, सगळी सुंदर. आज त्यातली निम्मी खोडली आणि मन जरा खट्टू झालं.

खोडण्याचं कारण पाऊस. आपल्या जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळकडे जाल तसा त्याच्याही निम्म्यावर येतो. शहरापासून गगनबावडा जेमतेम पंचावन्न किलोमीटर, पण झाडांच्या दृष्टीनं तो वेगळा मुलूख आहे. दाजीपूरच्या जंगलातलं झाड जिल्ह्यातलं म्हणून पाचगावच्या मुरमावर आणून लावलं, तर त्याला उन्हाळाभर नळी लावून बसावं लागेल. "देशी" या एका शब्दावर मी इतके दिवस निर्धास्त होते. कुठल्या मातीतलं देशी आणि किती पावसातलं, हे विचारायला हवं होतं.

म्हणून सकाळी लेकीला घेऊन माळावर फिरले, आणि नंतर विद्यापीठाच्या आवारात. कुणी लावलेलं नाही आणि कुणी पाणी घालत नाही, तरी जे उभं आहे तेच लिहायचं असं ठरवलं होतं. तरवड, बोर, करवंद, आपटा, पळस, भोकर, बहावा, हिवर, निर्गुडी, करंज. रानकोरांटी दगडांच्या सांदीत. नावं पडताळायला यादव आणि सरदेसाई यांनी केलेला जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ उपयोगी पडला. तो विद्यापीठानंच २००२ मध्ये काढलाय. त्यात कुठली वनस्पती कुठल्या भागात सापडते तेही दिलंय, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

उंबर खोडताना हात थांबला होता. उंबराइतकी पाखरं दुसऱ्या कशावर येत नाहीत. पण दीड गुंठ्यात टाकी, बोअर आणि शेजाऱ्यांची भिंत आहे, मुळं कुठं जातील ते सांगता येत नाही. आबांच्या विहिरीवर जुना उंबर आहे, त्याची दोन रोपं ओढ्याकडच्या बांधावर लावायची असं ठरलं. काटेसावरही तिकडंच.

राधानगरी अभयारण्यातून रोपं, बिया काही आणायचं नाही. कायद्यानं बंदी आहे, आणि तिथलं तिथंच राहिलेलं बरं.

२६ मे

तीन रोपवाटिका झाल्या. अनुभव लिहून ठेवते, पुढच्याला उपयोग होईल.

"देशी झाड द्या" म्हटलं की गुलमोहर पुढं करतात. गुलमोहर मादागास्करचा. सोनमोहर आग्नेय आशियातला. एका ठिकाणी घाणेरीच्याच रंगीत जाती कुंडीत ठेवून "फुलपाखरांचं झाड" म्हणून विकत होते. अशोक मागितला की सरळसोट उंच वाढणारा आसुपालव देतात, सीताअशोक नव्हे. इथं माझा स्वतःचाही एक गैरसमज निघाला. आसुपालव नुसतं शोभेचं म्हणून मी नाक मुरडत होते. पण शेपटीवाली हिरवी 'टेल्ड जे' फुलपाखरं त्याच्याच कोवळ्या पानांवर अंडी घालतात, आणि त्याची फळं कोकिळा आणि वटवाघळं खातात. रस्त्याकडेला शेजाऱ्यांचे चार आहेतच, ते तोडायच्या गोष्टी चालल्या होत्या, आता तोडू नका म्हणून सांगणार आहे.

मिळालं ते असं : बहावा दोन, करंज एक, करवंद सहा, अडुळसा चार, लिंबू एक. आपटा एकाच ठिकाणी होता. त्याचं पान कांचनाशी ताडून घेतलं. आपट्याचं पान लहान आणि रुंद, कांचनाचं मोठं. तरवड कुणाकडंच नाही! जे झाड माळावर फुकट उगवतं ते कुणी पिशवीत वाढवत नाही. मार्चमध्ये वाळलेल्या शेंगा लेकीनं गंमत म्हणून गोळा केल्या होत्या, त्याच आता कामाला आल्या. बी कठीण कवचाचं, म्हणून गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवलं.

१६ जून

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले. लागवड केली.

खड्डे दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. पहारीनं खणता खणता माझा आणि नवऱ्याचा हात सोलपटला. निघालेला मुरूम परत आत घातला, त्यात दोन पाट्या पोयटा आणि एकच पाटी शेणखत. रोपवाटिकेतले म्हणाले निम्मं खत घाला. मी घातलं नाही. खड्डा फार गोड केला की मुळं खड्ड्यातच फिरत राहतात, बाहेर मुरमात शिरत नाहीत.

जागा ठरवताना रचना अशी धरली : मागच्या भिंतीला बहावा आणि करंज, त्यांच्या पुढं आपटा, त्याच्या पुढं करवंदाची आणि अडुळशाची दाटी, आणि उन्हाच्या बाजूला तरवड, रानकोरांटी, खुळखुळा. करवंद काटेरी, दाट. बुलबुलाला घरट्यासाठी मांजरापासून सुरक्षित जागा तीच. मधली पट्टी मोकळी ठेवली. तिथं मारवेल आणि कुसळी गवत उगवेल तसं उगवू द्यायचं. मुनिया पाखरं गवताच्या बियांवर जगतात, आणि तिन्हीसांजेला उडणारी ती तपकिरी फुलपाखरं अंडी गवतावरच घालतात. लॉनवर त्यांना यातलं काही मिळत नव्हतं.

१८ जुलै, आषाढी द्वादशी

काल एकादशी, आज वाघाट्याची भाजी. मंडईत पाव किलोसाठी हुज्जत घालावी लागते इतकी मागणी. बागेत वाघाटीचा वेल हवाच, कारण कॉमन गल आणि ग्रेट ऑरेंज टिप या फुलपाखरांच्या अळ्या तिची पानं खातात. भाजीची फळं कोवळी, त्यांचं बी रुजणार नाही. आबा म्हणाले, बांधावरच्या वेलाला चार फळं पिकायला ठेवतो. वेल भयंकर काटेरी आहे, म्हणून जागा मागच्या कुंपणाला, लेकरांच्या वाटेत नको.

२८ जुलै

आठवडाभर पावसाची झड. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोका पातळीच्या वर आहे. आमच्याकडं उंचावर पाणी येत नाही, पण आबांच्या रानात गुडघाभर आहे. बागेत कुणी गेलं नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

आज बराच वेळ रुईपाशी गेला.

गेल्या शनिवारी शेजारच्या काकू मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं घेऊन गेल्या. दरवर्षी नेतात, झाड आमचं आहे पण वहिवाट त्यांची. त्या गेल्यावर बघितलं तर शेंड्याकडची सगळी कोवळी पानं गेलेली, आणि त्यांच्याबरोबर शुक्रवारी मी मोजलेली सात अंडीही. प्लेन टायगर फुलपाखरू पानाच्या खालच्या बाजूला एकेक सुटं अंडं घालतं, मोहरीपेक्षा लहान, मोत्यासारखं. न सांगितलेलं कुणाला कसं कळणार? चूक माझीच.

आज त्या आल्या तेव्हा त्यांना उरलेल्या पानावरची अळी दाखवली. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. आम्ही दोघी मोडा घेऊन बसलो. अळी आधी पानाच्या मधल्या शिरेवर गेली आणि तिथंच कुरतडत राहिली. चीक बाहेर आला, पांढरा थेंब जमला. ती मागं सरली, तोंड पानावर पुसलं, पुन्हा कुरतडलं. बऱ्याच वेळानं शीर तुटल्यागत झाली आणि पुढचं अर्धं पान खाली लवलं. मग ती त्या लवलेल्या, चीक आटलेल्या भागाकडं गेली आणि कडेनं खायला लागली. काकूंनी विचारलं, "हिला हे कुणी शिकवलं गं?" मला उत्तर देता आलं नाही.

रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते. ते पुढं फुलपाखरातही उतरतं, त्यामुळं पाखरं त्याच्या वाटेला जात नाहीत. रुई काढून टाकली असती तर हे फुलपाखरू या बागेत वाढलंच नसतं. मध त्याला कुठल्याही फुलाचा चालतो, पण अळीला रुई किंवा तिच्याच कुळातलं झाड लागतं.

ठरलं असं : काकूंनी खालची जून पानं घ्यायची, मागची बाजू बघून. शेंड्याच्या पानांना हात लावायचा नाही. मारुतीला जून पान चालतं, असं त्यांनीच सांगितलं.

८ सप्टेंबर

वाईट दिवस. रोपवाटिकेतून आणलेल्या लिंबावर मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या होत्या, अकरा. लहान असताना त्या हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग. गेल्या तीन दिवसांत एकेक करून सगळ्या गळून पडल्या. शेजारी कडीपत्त्यावरच्या त्याच जातीच्या अळ्या मात्र ठणठणीत, हिरव्यागार झाल्यात. बोट लावलं की डोक्यामागून लाल दुबेळकं काढून उग्र वास सोडतात.

फोन करून विचारलं. रोपवाटिकेतल्या माणसानं सरळ सांगितलं, पानं कुरतडलेली असली की गिऱ्हाईक रोप उचलत नाही, म्हणून इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक देतो. हे औषध नुसतं पानावर बसत नाही, झाडाच्या रसात भिनतं, आणि वरून धुतलं तरी जात नाही. मीच अळ्यांसाठी ताट मांडलं आणि त्यात विष होतं, हे फार लागलं. लिंबावर आता जाळी बांधली आहे, नवी पालवी दोनदा येऊन जाईपर्यंत त्यावर अंडी नकोत.

पुढं रोप घेताना फवारणी कधी आणि कशाची हे आधी विचारायचं. पानांना भोकं पडलेलं रोप दिसलं तर तेच घ्यायचं. शक्य तिथं बियाच रुजवायच्या.

१२ ऑक्टोबर, दसरा

आपट्याला जेमतेम नऊ पानं. लेकीनं एकही तोडू दिलं नाही. देवापुढं झेंडूच ठेवला.

तरवड मात्र चार महिन्यांत कमरेला लागलाय आणि पिवळाधमक फुललाय. सकाळी आठच्या सुमाराला मोठे काळे भुंगे येतात. फुलाला मिठी मारून ते अंग थरथरवतात आणि तेवढ्यापुरता आवाज बारीक, चढा होतो. तरवडाचा पराग उघड्यावर नसतो, परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून तो असा हलवूनच बाहेर काढावा लागतो. पिवळसर एमिग्रंट फुलपाखरांनी त्याच्याच कोवळ्या पानांवर अंडीही घातलीत.

खुळखुळ्याच्या एका वाळक्या फांदीवर टायगर फुलपाखरांचे नऊ नर गोळा झाले होते. तिथं फूल नाही, मध नाही. वाळकं खोड पायांनी खरवडून ते त्यातली अल्कलॉइड द्रव्यं शोषतात, मादीला आकर्षित करणारा गंध त्यांना त्यातूनच तयार करता येतो. झाड वाळलं म्हणून मी ते उपटणार होते.

घाणेरीचं दुसरं झुडूप आज मुळासकट काढलं.

१५ डिसेंबर

पालापाचोळ्यावरून कॉलनीत कुरबुर. साप येईल म्हणतात. भीती खोटी नाही, माळावर घोणस आहे. पाला जाळणार नाही, पण लोकांना घोर लावूनही बाग करायची नाही. ढीग घरापासून लांब, मागच्या भिंतीला केला. घरालगत चार फूट पट्टी झाडून लख्ख ठेवायची, कोंबड्यांचं धान्य सांडू द्यायचं नाही, कारण उंदीर आले की त्यांच्यामागून साप येतो. रात्री मागं जाताना बॅटरी आणि बूट. आज तोच पाला उलटापालटा करत दयाळ पक्षी पाऊण तास किडे वेचत होता.

९ मार्च २०२५

रुईची बोंडं फुटली, म्हाताऱ्या उडायला लागल्या. शिंपी पक्ष्याची जोडी सकाळपासून त्यातला कापूस ओढतेय आणि सासूबाईंच्या जुन्या जास्वंदीत शिरतेय. जास्वंद कुठली देशी, कुठली परदेशी या वादात मी ती काढायला निघाले होते, सासूबाईंनी हात धरला. दोन पानं कडेनं टाचलेली, आत पांढरा कापूस. जास्वंद राहणार.

पाण्यासाठी कुंभारगल्लीतून दोन परळ आणले. खोली दोन बोटं, मध्ये एक खडबडीत दगड, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. पाणी एक दिवसाआड बदलायचं, डास होऊ द्यायचे नाहीत.

१३ एप्रिल

लेक रडत आली. शिंप्यानं कडीपत्त्यावरची हिरवी अळी चोचीत धरून नेली, तिनं नाव ठेवलेली. तिला घेऊन जास्वंदीपासून दहा पावलांवर बसले. घरट्यात तीन पिल्लं आहेत. अर्ध्या तासात आई-बापांच्या चौदा खेपा झाल्या, दर खेपेला अळी किंवा किडा. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवते, हे तिला सांगितलं. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, मग रुईवरच्या अळ्या का नेत नाहीत? आणि आपलं आपणच म्हणाली, त्या कडू आहेत.

वहीत तिच्या हातानं नवा रकाना पडलाय : "कोणी कोणाला खाल्लं".

पाण्याचा हिशेब : बहावा, करंज, आपटा यांना आठवड्यातून एकदा दोन बादल्या. करवंदाला पंधरा दिवसांनी. तरवड, बोर, निर्गुडी, रुई यांना जानेवारीपासून थेंब नाही. लॉनला याच दिवसांत रोज अर्धा तास नळी लागायची.

१५ जून

यंदा मे महिन्यातच पावसानं झोडपलं, मृगाची वाट बघावी लागली नाही.

गेलेली झाडं : अडुळसे दोन, एक बहावा (वाळवी, बुंध्याशी शेणखत उघडं राहिलं होतं), आणि हट्टानं लावलेला एक सीताअशोक, त्याची नोंद मी मुद्दाम टाळली होती. मार्चच्या उन्हात पानं कडेनं जळत गेली. त्या खड्ड्यात आता भोकर. वाघाटीच्या बारा बियांतल्या पाच रुजल्या, एक मागच्या कुंपणाला. लिंबाची जाळी काढली, परवा त्यावर पहिलं अंडं दिसलं, अजून काळं पडलेलं नाही.

दुपारी काकू आल्या. त्यांच्या फाटकाजवळ गुलाबाच्या कुंड्या आहेत, त्यातल्या दोन उचलून तिथं रुई लावायची म्हणतात. मुलगा नको म्हणतोय, रुई दारात कोण लावतं म्हणून. त्या म्हणाल्या, "त्याला मी बघते, तू रोप दे." कंपाउंडच्या कडेला आपोआप उगवलेली तीन आहेत, वीतभर उंचीची. त्याहून मोठं झाड उपटलं तर मूळ तुटतं आणि जगत नाही. उद्या पहाटे पावसाची उघडीप मिळाली तर मातीच्या गड्ड्यासकट काढून देणार. दोन द्यायची, एक दगावलं तर दुसरं.